गाऊन घालून नाशिकदर्शन

नाशिकला जाऊन आलेला माणूस आमच्या अंबाजोगाईत लगेच ओळखू येतो. तो आधी त्र्यंबकच्या रांगेची लांबी सांगतो, मग मिसळीबरोबर पापड देतात हे सांगतो, आणि शेवटी द्राक्षांची पेटी उघडतो. मी नाशिकला थोडेथोडके नाही, पाच महिने राहून आलो. त्र्यंबकला गेलो नाही. मिसळ एकदाच खाल्ली, तीही एका हातानं. गोदावरी पाहिली ती झेंडूच्या टेम्पोतून, मांडीवर साडेपाच महिन्यांची नात आणि अंगात मुलीचा फुलाफुलांचा गाऊन अशा अवस्थेत. परत आल्यापासून मित्र खोदून खोदून विचारतात आणि मी द्राक्षांवर वेळ मारून नेतो. पण कुठून कुठून सगळ्यांना अर्धवट कळलेलंच आहे, तेव्हा एकदा नीट लिहून टाकलेलं बरं.

निघण्याआधी

माझी मुलगी वैशाली सातपूरच्या एका कारखान्यात मशीन शॉपला आहे. जावई नितीन दुसऱ्या कारखान्यात. वैशालीची बाळंतपणाची सुट्टी संपत आली, नेमकं तेव्हाच नितीनला त्याच्या कंपनीनं सहा महिने जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं. आम्ही त्याला पेढे भरवले. विमानतळावर सोडायला सात माणसं गेली होती. ‘आता पोरीला कोण बघणार?’ हा प्रश्न त्या सातांपैकी एकालाही पडला नाही. सातांत मीही होतो, आणि माझ्या हातात हार होता.

पंधरा दिवसांनी वैशालीला तिच्या साहेबांनी बोलावून घेतलं. पहिल्या पाळीची इनचार्ज म्हणून तिचं नाव पुढं आलं होतं. त्या शॉपमध्ये बाई इनचार्ज झालेली नव्हती. साहेब म्हणाले, सोमवारपासून चार्ज घ्या, पण पहिल्याच आठवड्यात घरून फोन आला, बाळ रडतंय, मी निघते, असं नको. नाहीतर आत्ताच सांगा, दुसरा माणूस तयार आहे. ही बातमी तिनं घरात सांगितली मात्र, आणि विमानतळावर कुणालाच न पडलेला प्रश्न आता सगळ्यांना एकदम पडला.

जवळची पाळणाघरं वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हती. फोनवर बैठक बसली. माझी बायको सुमन मुख्याध्यापिका आहे आणि तिची शाळा दहावीचं केंद्र. ती म्हणाली, "मी पेपर सोडून येऊ का? पाहिजे तर मुलांना सांगते, बाळ मोठं झालं की परीक्षा घेऊ." विहीणबाईंचा मखमलाबादला फुलांचा मळा. पहाटे तोडणी, सकाळी पंचवटीच्या बाजारात विक्री. त्या म्हणाल्या, "झेंडू काय माझ्यासाठी थांबतो का वो? एक दिस नाय तोडला तर दुसऱ्या दिशी सडतो." दोन्ही घरांत मिळून बिनकामाचा माणूस एकच निघाला होता आणि तो पलंगावर पडून पेपर वाचत होता.

"तुम्ही जा," सुमन म्हणाली.

मी हसलो. कुणीच हसलं नाही, तेव्हा पेपर खाली ठेवला.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. बांधावर कोयते घेऊन उभ्या राहिलेल्या सख्ख्या भावांमध्ये मी साखळी टाकून मोजणी केली आहे. पण रांगायलाही न लागलेलं मूल मी आयुष्यात हातात घेतलेलं नव्हतं. आमच्याकडं पुरुष मूल घेतो ते जत्रेत, खांद्यावर, ते चालायला लागल्यावर, आणि ओलं झालं की लगेच परत देतो.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. वैशाली झाली तेव्हा सुमन लातूरच्या एका चांगल्या शाळेत होती. माझी बदली केजला झाली. मी म्हणालो, पोरीला कोण बघणार? भांडून नाही म्हणालो, अगदी प्रेमानं म्हणालो, त्यामुळं तिला उत्तरही देता आलं नाही. तिनं राजीनामा दिला, चार वर्षं घरी बसली, मग दुसऱ्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिच्या मागून आलेली माणसं तिच्या आधी मुख्याध्यापक झाली. हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी फोनवर ‘तुम्ही जा’ म्हणताना तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला लाज वाटली. मी बॅग भरली.

सातपूर: बुधवार ते शनिवार

वैशालीचं घर कामगार कॉलनीत, तळमजल्यावर, दोन खोल्या. बुधवारी दुपारी मी पोचलो. नातीचं नाव ओवी. तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि मोजणीचा नकाशा नामंजूर करणारे पक्षकार करतात तसं तोंड करून भोकाड पसरलं.

वैशालीनं माझी तालीम सुरू केली. लंगोट असा बांधायचा, पावडर अशी लावायची, ढेकर असा काढायचा. दूध ती काढून छोट्या वाट्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायची, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली. पहिल्या दिवशी त्या वाट्यांकडं पाहायलाही मला संकोच वाटत होता. फ्रिज उघडताना मी खाकरायचो.

"अण्णा, फ्रिजमध्ये कुणी नाही," वैशाली म्हणाली.

गुरुवारी मी भिंतीवर तक्ता लावला: नऊ वाजता दूध, साडेनऊला झोप, बारा वाजता दूध. ओवीला तक्ता मान्य नव्हता. शुक्रवारी वैशाली चाचणी म्हणून दोन तास बाहेर गेली आणि ते दोन तास ओवी सलग रडली. मी खुळखुळा वाजवला. कवायत केली. सातबारा वाचून दाखवतात त्या आवाजात अंबाजोगाई तालुक्यातल्या गावांची नावं म्हटली. घाटनांदूरला ती क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू. शेवटी दाराला टांगलेला वैशालीचा गाऊन मी घाम पुसायला ओढला आणि तो ओवीच्या तोंडावरून गेला. रडणं थांबलं. गाऊन बाजूला केला, रडणं सुरू. खांद्यावर टाकला, तर तिला शर्टाचं बटण लागलं आणि ती चिडली. मग मी एक निखळ शास्त्रीय निर्णय घेतला.

वैशाली परत आली तेव्हा ओवी माझ्या छातीवर गाढ झोपली होती आणि मी पंख्याखाली उभा होतो, गुलाबी फुलांच्या सुती गाऊनमध्ये, पोटऱ्या उघड्या. ती दारातच खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हस," मी कुजबुजलो, "पण आवाज न करता."

त्या दिवसापासून दार लावलं की मी गाऊन चढवायचो आणि दार वाजलं की उतरवायचो. या वस्त्राबद्दल चार शब्द लिहिले पाहिजेत. आपल्याकडच्या सगळ्या बायका घरात हेच घालतात आणि सगळे पुरुष त्यांना त्यावरून बोलतात. मी स्वतः सुमनला म्हणालेलो आहे, दिवसभर काय ते पोतं घालून फिरतेस. तर वाचकहो, मूल सांभाळायला याच्याइतका सोयीचा पोशाख नाही. पाय मोकळे, हात मोकळे, वारा खालून वर जातो, आणि कुठंही डाग पडला तरी तो फुलांमध्ये मिसळून जातो. मी सुमनला फोन करून माझे शब्द मागं घेतले. ती म्हणाली, "पेपरचे गठ्ठे आलेत, ठेवते."

नितीनचा फोन रोज रात्री आठला यायचा. त्याला जर्मनीची फार अपूर्वाई. "अण्णा, इथं बाप लोक मुलासाठी सुट्टी घेतात! माझा घरमालक दिवसभर बाबागाडी ढकलतो, आणि बायको जाते कामाला. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला मशीन शिकवायला कोण आहे, सांगा? एक बाई! तीन मुलांची आई!"

"छान," मी म्हणालो. "मग तू आल्यावर घेणार का सुट्टी?"

फोनमध्ये खरखर आली. नंतर त्यानं त्या दिवशी स्वतः केलेल्या खिचडीचा फोटो पाठवला. आम्ही सगळ्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले. विहीणबाईंनी तर हात जोडल्याची पाच चित्रं पाठवली. माझाही अंगठा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की वैशाली रोज दोन वेळचा स्वयंपाक करते आणि त्याचा फोटो आजवर कुणी मागितलेला नाही.

देवळाली कॅम्प: रविवार

सोमवारच्या आधी थोडा विरंगुळा म्हणून वैशाली मला देवळाली कॅम्पच्या बाजारात घेऊन गेली. ओवीसाठी मऊ कापड घ्यायचं होतं. रुंद रस्ते, जुनी झाडं, लष्करी शिस्तीत चालणारी माणसं. त्या दिवशी मी शर्ट-पॅंटमध्ये होतो आणि ओवी माझ्या कडेवर होती. वैशाली दुकानात शिरली, मी बाहेर थांबलो. दहा मिनिटांत चार जणांनी विचारलं, "बाळाची आई कुठाय?" एका आजींनी तर मी मूल पळवून आणलं आहे की काय अशा नजरेनं माझ्याभोवती एक फेरी मारली.

बाकावर एक निवृत्त हवालदार बसले होते, साताऱ्याकडचे. त्यांनी मला जागा करून दिली आणि मूल कसं धरायचं ते सांगितलं. मी चकित झालो. ते म्हणाले, "फौजेत सगळं स्वतःच करायचं असतं साहेब. कपडे धुणं, इस्त्री, बटण लावणं, भांडी घासणं. एकवीस वर्षं केलं."

"मग आता घरी?"

हवालदारांनी आजूबाजूला पाहिलं. "आता घरी मिसेस करतात," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "तिकडं ऑर्डर होती." आणि त्यांनी विषय बदलून तोफांवर नेला.

परतीच्या बसमधून सातपूरला उतरल्यावर वैशाली म्हणाली, "अण्णा, उद्या मला एकही फोन यायला नको. म्हणजे तसंच काही झालं तर करा, पण..." मी म्हणालो, "तू घरात कोण आहे ते विसरून जा." हे वाक्य मला फार रुबाबदार वाटलं होतं.

सोमवार, साडेनऊ

वैशाली साडेसहाला गेली. नऊ वाजता ओवी शहाण्यासारखी दूध प्यायली. साडेनऊला मी गाऊनमध्ये, ती माझ्या खांद्यावर पेंगायला लागलेली, घरात सुटी झालेल्या शाळेसारखी प्रसन्न शांतता. तेवढ्यात दारासमोरच्या दोरीवरचा लंगोट वाऱ्यानं उडून रस्त्यावर पडला. मी दोन पावलं बाहेर टाकली, वाकलो, लंगोट उचलला, आणि मागं ‘खट्’ असा आवाज झाला.

लॅचचं दार होतं. किल्ली आत. फोन आत. पाकीट आत. बारा वाजताचं दूध आत. बाहेर मी, ओवी आणि लंगोट.

गाऊन काढावा, तर आत फक्त गंजी आणि पट्ट्यापट्ट्यांची हाफ चड्डी होती. दोन्हींचा तोलून विचार केला, तेव्हा गाऊनच जास्त सभ्य ठरला. शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं, नवरा-बायको कामावर. कारखान्याचं गेट तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. वैशालीकडं किल्ली होती. दहा मिनिटं चालायचं, वॉचमनला सांगायचं, पाच मिनिटांत काम फत्ते. आणि मशीन शॉपमध्ये इनचार्ज बाईंच्या पहिल्या दिवशी पहिल्या अडीच तासांत शिपाई निरोप घेऊन जाणार: मॅडम, घरून आलेत, बाळाचं काहीतरी आहे. मी गेटच्या दिशेनं चार पावलं गेलोही. मग थांबलो. एका बाईची नोकरी मी प्रेमानं घालवली होती, आता दुसरीची घाबरून घालवणार होतो.

कोपऱ्यावर भाजीची गाडी होती. भाजीवालीनं मला वरून खाली पाहिलं. "आजोबा," ती म्हणाली, "काय झालं, कपडे चोरीला गेले काय?"

मी सांगितलं. ती पदर तोंडात धरून हसली आणि हसता हसताच तिनं फोन पुढं केला. मला पाठ असलेला नंबर एकच: सुमनचा. तिनं उचलला.

"पेपरची तयारी चालू आहे. बोला."

मी बोललो. मग तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज आला. "वैशालीला कळवलं का?"

"नाही."

"कळवू नका. दुसरी किल्ली विहीणबाईंकडं आहे. त्या बाजारात असतील, फोन उचलणार नाहीत. अकराला बाजार उठतो. निघा." आणि अगदी शेवटी, "पोरीच्या डोक्यावरून काहीतरी घ्या, ऊन आहे."

मी लंगोटच घेतला.

सातपूर ते पंचवटी

गाऊनला खिसा होता. त्यात एक सेफ्टी पिन, एक रबर आणि एक चुरगळलेली नोट निघाली. माझ्या पॅंटच्या खिशात आजवर इतक्या नेमक्या उपयोगाच्या वस्तू एकत्र कधी सापडल्या नव्हत्या.

त्र्यंबक रस्त्यावर शेअर रिक्षा थांबली. मागं तीन बायका बसल्या होत्या, पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या, डोक्याला रुमाल. पुढं ड्रायव्हरशेजारी एक पोरगेलासा इसम. त्यानं मला पाहिलं, फोन काढला आणि फोटो घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, नाटकात काम करता का?"

मागच्या तिघींमधली वयानं मोठी बाई म्हणाली, "नाटकबिटक नाय. त्यांनी पोर बघ कसं धरलंय. ए, सरक गं तिकडं. या आजोबा, इथं बसा."

आणि मी बायकांमध्ये जाऊन बसलो. आदल्या दिवशी कॅम्पात, चांगल्या इस्त्रीच्या शर्टात, मला चार माणसांनी बाळाची आई विचारली होती. इथं कुणीच विचारली नाही. गाऊन अंगात असला की मूल आपलंच असणार, असं गृहीत धरलं जातं. त्याऐवजी थेट मुद्द्याचे प्रश्न आले: दात येतायत का, शी कशी होते, रात्री किती वेळा उठते. मी उत्तरं दिली. मला सगळी येत होती याचं मलाच नवल वाटलं. एकीनं माझ्या गाऊनवर तिची ओढणी टाकली.

"वरून ओढणी घ्यायची असती," ती म्हणाली. "नुसत्या गाऊनवर बाहेर पडलं की लोक नावं ठेवतात."

"मला ठेवायचं बाकी काय राहिलंय?" मी म्हणालो.

"तरी पण," ती म्हणाली.

मोठ्या बाईला मी विचारलं, "तुमची मुलं कोण बघतं?" ती म्हणाली, "थोरली धाकट्याला बघते." "आणि थोरलीला?" ती रिक्षाबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही किती दिवस हाय इथं?"

सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मोठ्या बसस्थानकाशी, ओढणी परत केली आणि पंचवटीकडं चालत निघालो. त्या रस्त्याचं वर्णन करायला हवं, पण मी खाली बघून चालत होतो. एवढं सांगतो की नाशिकचे फूटपाथ बरेच उंचसखल आहेत आणि गाऊनमध्ये मोठं पाऊल टाकता येत नाही. सुमन माझ्यामागं दहा पावलं का राहते, असं मी लग्न झाल्यापासून विचारत आलो आहे.

फुलबाजार

पावणेअकराला पोचलो. बाजार आवरत आला होता. झेंडूच्या उरलेल्या राशी, ओली गोणपाटं, शेवंतीचा वास, आणि मधोमध विहीणबाई, एका पायाची मांडी घालून माळ ओवत. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा मान खाली घालून एक फूल ओवलं आणि मग सुई हातात तशीच ठेवून पुन्हा वर पाहिलं.

"व्याही?"

"किल्ली," मी म्हणालो.

त्यानंतर आख्खा फुलबाजार हसला. विहीणबाई हसल्या, त्यांच्या शेजारणी हसल्या, एक हमाल गोणी खाली ठेवून हसला. ओवी जागी झाली आणि तीही हसली, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. किल्ली कमरेच्या पिशवीत होती. पण समोर लग्नाच्या हारांचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"बसा जरा. एवढी माळ होऊ द्या," त्या म्हणाल्या.

"तिला बाराला दूध लागतं!"

"मिळंल की वो. आत्ता कुठं अकरा वाजतायत." त्यांनी ओवीला माझ्याकडून घेतलं, रिकामी फुलांची पाटी ओढली, आत गोणपाटावर आपला पदर अंथरल्यासारखं एक फडकं टाकलं आणि नातीला त्यात ठेवलं. ओवी झेंडूचा देठ मुठीत धरून गप्प पडून राहिली. गाऊन नाही, तक्ता नाही, काही नाही.

"नितीन असाच वाढला. याच ठिकानी," विहीणबाई सुई चालवत म्हणाल्या. "सव्वा महिन्याचा होता तवापासून पाटीत. मी माळा वोवायची आन् पायानं पाटी हलवायची. पोर कोन बघंल आसं मला कुनी इचारलं नाय. काम तर करायचंच होतं, मंग इचारून काय करतेत?"

"आणि नितीनचे वडील?"

"ते घ्यायचे की. फोटो काढायचा आसला की." शेजारणी पुन्हा हसल्या. विहीणबाई मात्र या वेळी हसल्या नाहीत. "चार दिवस लय आजारी होता एकदा. पाटीतच. मी गिऱ्हाईक बघत होते आन् त्याच्या अंगाला हात लावत होते. कुनाला सांगाया जाऊ? आज मला लय बरं वाटलं व्याही. तुमी गाऊनात आला तरी."

मला सुमनची ती चार वर्षं आठवली आणि या बाईची ही पाटी. एकीला घरी बसवलं, दुसरीला बसू दिलं नाही, आणि दोन्हीकडं आम्ही पुरुष पेढे खात होतो. मी फुलं उचलून त्यांच्या हातात द्यायला लागलो म्हणजे माळ लवकर होईल. देठ उलटे येत होते. त्यांनी दोनदा सांगितलं, मग नाद सोडला.

माळ झाली, किल्ली मिळाली. बाजारातून एक टेम्पो हार घेऊन त्र्यंबकला निघाला होता, वाटेत सातपूर. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "ए, माझ्या व्याह्यांना घेऊन जा. आन् त्यांना हसायचं नाय, म्या सांगते."

ड्रायव्हर हसला नाही. त्याला ते फार जड गेलं. पुलावरून जाताना खाली गोदावरी, घाट आणि रामकुंड दिसलं. मी ओवीला म्हणालो, बघ. तिनं माझ्या ओठावर झेंडूची पाकळी चिकटवली. बाराला दहा मिनिटं असताना दार उघडलं, आणि बारा वाजता, तक्त्याप्रमाणे, ओवी दूध प्यायली.

सोमवार, चार वाजता

दुपारभर मी एकच विचार करत होतो: वैशालीला काहीही कळलेलं नाही. विहीणबाईंना शपथ घातली होती, भाजीवालीला उद्या दोन जुड्या मेथी घेईन म्हणालो होतो. रिक्षातल्या त्या फोटोवाल्याचं तेवढं मनात डाचत होतं. चारला ती आली. सेफ्टी शूज काढले, हात धुतले, ओवीला उचललं आणि माझ्याकडं पाहिलं.

"कसा गेला दिवस?" मी विचारलं.

"चांगला. एक मशीन बंद पडलं होतं, चालू केलं. तुमचा?"

"एकदम शांत."

तिनं फोन पुढं केला. रिक्षाच्या दारात उभा असलेला मी, गुलाबी फुलं, डोक्यावर लंगोट घेतलेली ओवी. खाली कुणीतरी लिहिलं होतं: सातपूरच्या नव्या मावशी.

"शॉपच्या ग्रुपवर आला," ती म्हणाली. "दहा वाजता."

इतका आटापिटा करून शेवटी व्हायचं तेच झालं होतं. आख्ख्या शॉपसमोर, पहिल्याच दिवशी. "वैशू, मी फोन केला नाही गं, गेटवरही आलो नाही, किल्ली आत राहिली, मी म्हटलं तुला त्रास..."

"मला ते फोटो बघूनच कळलं. तुमच्या हातात काहीच नव्हतं. किल्ली नाही, फोन नाही, दूध नाही."

"दहा वाजता कळलं होतं तुला?"

"हो."

"मग आली का नाहीस? दहा मिनिटांवर तर आहे. पोर रस्त्यावर होती!"

तिनं ओवीला खांद्यावर घेतलं. माझा प्रश्नच तिला समजला नसावा असं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"रस्त्यावर कुठं, अण्णा?" ती म्हणाली. "तुमच्याजवळ होती ना."